पावसाळी आजार आणि उपायांच्या याद्या

जून उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'पावसाळ्यातील आजार व घरगुती उपाय' या विषयावरचे लेख येऊ लागतात आणि लवकरच शाळांच्या भित्तिपत्रकांवर त्यांची नक्कल उतरते. सर्दीला तुळशीचा काढा, खोकल्याला मध, पोटदुखीला ओवा, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, तापाला गुळवेल, अशी सारी मांडणी एका ओळीत असते. आमचा आक्षेप घरगुती उपायांना नाही. त्यांतला एक तर विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या औषधांच्या पंगतीत बसणारा आहे. आक्षेप आहे तो सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याला.

साधी सर्दी आठवड्याभरात आपोआप बरी होते. काढा घेतला तरी आणि न घेतला तरी. श्रेय मात्र काढ्याला मिळते. गरम पेयाने घशाला आराम पडतो हे खरे. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला कमी होतो, असे चाचण्यांतही दिसले आहे. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यात बोटुलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ही सूचना अशा लेखांत असायलाच हवी. ती बहुधा नसते.

जुलाबाची गोष्ट वेगळी आहे. इथे आपोआप बरे होण्याची वाट पाहता येत नाही, कारण मूल जंतूंपेक्षा शरीरातले पाणी व क्षार निघून गेल्याने दगावते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. आतड्याच्या अस्तरात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये सुचवले होते. पटकीतही ही वाट बंद होत नाही. क्षार आणि साखर आत गेली की पाणी त्यांच्यामागून जाते.

म्हणूनच या उपायात प्रमाणाला महत्त्व आहे, आणि नेमके तेच यादीतून गळते. 'चिमूटभर मीठ, चवीपुरती साखर' हे सरबताचे कृतिपत्र झाले. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, हे खरे प्रमाण. साखर फार झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर लहान मुलाला तेही घातक. वर्गातल्या दहा मुलांना चिमूटभर मीठ घ्यायला सांगून प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोलून पाहावे. 'चिमूट' हे माप किती बेभरवशाचे आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. शिराळ्यासारख्या भात पिकवणाऱ्या तालुक्यात तर मीठ घातलेली पातळ पेज घरोघरी होते. तांदळातल्या पिष्टाचे हळूहळू ग्लुकोज होते, त्यामुळे पेजही तेच काम करते. जलसंजीवनीचे पाकीट मिळत असेल तर ते अधिक चांगले, आणि मुलांना सोबत जस्ताच्या गोळ्या द्याव्यात अशी जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची २००४ पासूनची शिफारस आहे. मूल सुस्त पडले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचात रक्त दिसले की मात्र घरी थांबू नये.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ बसतो. म्हणून जंतू मेले असे नव्हे. पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे. डेंग्यूबद्दलही एवढेच सांगतो की, ताप उतरतो तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो आणि पुढे बरे होताना प्लेटलेट आपोआप वाढतात. पपईच्या पाल्याला जाणारे श्रेय बरेचसे सर्दीच्या काढ्यासारखेच आहे. ॲस्पिरीन मात्र घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो.

आता ओव्याकडे वळू. शिराळा नागपंचमीमुळे देशभर ठाऊक आहे, आणि नाग ओळखायला तिथल्या लोकांना आम्ही शिकवायला नको. पण पावसाळ्यात घरात शिरणारी मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाची वेदना फारशी नसते, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या जड होतात. यादीत पाहिले तर पोटदुखी म्हणजे अपचन आणि उपाय ओवा! ओव्याने अपाय होत नाही, पण त्यात दोन तास जातात. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांना इजा करते. ती इजा झाल्यावर प्रतिविषाने सहजी भरून येत नाही आणि रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. कडुनिंबाचा पाला चावून तो कडू लागतो का पाहणे, दंशाच्या जागी चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे यांतही वेळच जातो. असे उपाय 'लागू पडल्याचे' जे दाखले सांगतात, त्यांत चावणारा साप बिनविषारी असतो किंवा त्याने विष सोडलेलेच नसते. म्हणजे पुन्हा काढ्याचेच गणित. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले होते.

म्हणून शाळेच्या भित्तिपत्रकावर ओव्यापुढे एक ओळ वाढवावी : रात्री जमिनीवर झोपलेल्याच्या पोटात पहाटे अचानक कळ आली आणि पापण्या मिटू लागल्या, तर प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. शेजारी मच्छरदाणीचे चित्र काढावे. तिच्या कडा गादीखाली नीट खोचलेल्या असल्या तर हिवतापाचा डास आणि मण्यार दोघेही बाहेर राहतात.