‘फॅक्टोरिओ’मधील प्रयोगशाळेची पुरवठा-रचना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
प्राग येथील वूब सॉफ्टवेअर या संस्थेच्या ‘फॅक्टोरिओ’ या संगणकीय खेळाची पूर्ण आवृत्ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. परग्रहावर अडकलेल्या अभियंत्याने खनिजापासून अग्निबाणापर्यंत मजल मारावी, ही त्याची कथावस्तू होय. या प्रवासातील बहुतेक नवी तंत्रे प्रयोगशाळेतून येतात. त्यामुळे प्रयोगशाळेला माल कसा पोचवावा, हा प्रश्न खेळाची ज्ञानविषयक भूमिका तपासण्यास उपयुक्त ठरतो.

विवेचन :
मूळ खेळात विज्ञान-संचांचे सात प्रकार आहेत. एखाद्या संशोधनास आवश्यक असलेला एक जरी प्रकार संपला, तरी इतरांचा साठा कितीही असो, काम थांबते. वाहकपट्ट्यास दोनच मार्गिका असतात. सातही प्रकारांना स्वतंत्र मार्गिका द्यायची तर चार पट्टे लागतात. तीन बाय तीन चौकटींच्या प्रयोगशाळेभोवती ते सामावून घेणे सोपे नाही. म्हणून खेळाडूंनी अन्य दोन मार्ग रूढ केले. पहिल्यात सर्व संच एकाच फिरत्या पट्ट्यावर मिसळले जातात. जपानी उपाहारगृहातील फिरत्या पट्ट्यावरून त्यास ‘सुशी’ असे नाव पडले आहे. येथे एका प्रकाराची गर्दी झाली की इतरांना जागा उरत नाही, म्हणून मोजणी व नियंत्रण अपरिहार्य ठरते. दुसऱ्या मार्गात यांत्रिक हात एका प्रयोगशाळेतील संच उचलून पुढचीत ठेवतात. यात जागा वाचते; मात्र साखळी लांबली की टोकाची प्रयोगशाळा उपाशी राहू लागते.

या रचनांमधून खेळ एक सत्य प्रभावीपणे मांडतो. ज्ञाननिर्मिती केवळ प्रतिभेवर उभी नसते. तिच्यामागे खाण, भट्टी, वीज व वाहतूक यांचे अदृश्य श्रम असतात. तथापि हेच सत्य एकांगीही आहे. या प्रयोगशाळेत संशोधक नाही, फसलेला प्रयोग नाही, शंका नाही. कोणते तंत्र हाती येणार हे आधीच ठरलेले असते. पुरवठा पूर्ण झाला की फळ निश्चित. साहजिकच खेळाडू यशाचे मोजमाप ‘दर मिनिटास किती विज्ञान’ या भाषेत करतात.

२०२४ च्या ‘स्पेस एज’ या विस्तारात कृषी विज्ञान-संच काळानुसार नासतो व त्याचे संशोधनमूल्य घटत जाते. त्यामुळे रचनेत वेगाइतकाच ताजेपणाही महत्त्वाचा ठरतो. मात्र येथेही नाशवंत असतो तो माल. निष्कर्ष अबाधितच राहतो.

समारोप :
पुरवठ्याविना संशोधन खुंटते, हे ‘फॅक्टोरिओ’ उत्तम रीतीने शिकवतो. पुरवठा झाला म्हणजे संशोधन झाले, हा त्याचा दुसरा धडा मात्र स्वीकारार्ह नाही. खेळापुरती ही सोय क्षम्य आहे. परंतु ज्या ज्या ठिकाणी ज्ञानाची गणना नगांमध्ये होते, तेथे खऱ्या प्रयोगशाळेचीही अशीच निर्मनुष्य रचना होण्याचा धोका संभवतो.