खाल्ल्यास आणि खाल्ल्या

मुंबईच्या उपनगरांतील गोवंडी स्थानकावर आम्हीं परवां एक लहानसा संवाद ऐकला. शाळेंतून परतणाऱ्या मुलास आई विचारीत होती, "पोळ्या खाल्ल्यास का?" मुलगा उत्तरला, "खाल्ल्या." संवाद एवढाच, पण मराठी व्याकरणानें काय साधलें व काय राहून गेलें, हें पाहण्यास तो पुरेसा आहे.

"खाल्ल्यास" या एकाच क्रियापदांत "खाल्ल्या" हें पोळ्यांशीं जुळतें. शेवटचा "स" मात्र समोरच्या "तूं"शीं. क्रियापद येथें कर्माचें ऐकतें आणि कर्त्याचेंही. आमच्या व्याकरणांनीं यास 'कर्तृकर्मसंकर' असें नांव दिलें आहे. मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'बद्दल (१९११) आम्हांस आदर आहे. प्रयोगविचारांत एवढे परिश्रम फार थोड्यांनीं घेतले. परंतु 'संकर' या संज्ञेंतच एक निवाडा दडलेला आहे. शुद्ध प्रयोग तीन, व त्यांत न बसणारी ती भेसळ! बोलणाऱ्याच्या मुखीं सहज येणाऱ्या रूपास भेसळ म्हणणें म्हणजे जोडा लावतो म्हणून पायास बोल लावण्यासारखें आहे.

येथें आयर्लंडच्या भाषेची आठवण होते. त्या भाषेंत 'होय' अर्थाचा स्वतंत्र शब्द नाहीं. आमच्या गोवंडीच्या मुलाप्रमाणें प्रश्नांतील क्रियापदच उत्तरांत परत करावें लागतें. इंग्रजीतील 'हॅव'सारखें क्रियापदही तींत नाहीं. पुस्तक 'माझ्याजवळ असतें' आणि भूक 'माझ्यावर असते'. "मला भूक लागली" म्हणणाऱ्यास हें परकें वाटूं नये. भेद एवढाच कीं, आमचें क्रियापद वाक्याच्या शेवटीं बसतें, त्यांचें आरंभीं.

या केल्टिक भाषांचा अभ्यासही प्रथम पुराणवस्तूंसारखाच झाला. त्सोइस या जर्मन पंडितानें १८५३ मध्यें त्यांचें थोर व्याकरण रचलें, तें जुन्या हस्तलिखितांवरून. पुढें मात्र दृष्टि पालटली. जेम्स मॅक्लॉस्की यांनीं १९७९ च्या आपल्या ग्रंथांत आजची आयरिश घेतली. आयरिश वाक्यांत क्रियापद व कर्म यांच्यामध्यें कर्ता बसतो. मग क्रियापद व कर्म यांचा एक गट सर्व भाषांत असतो, हें मत टिकतें काय? दुसरें असें कीं, 'कोण'सारखा शब्द आंतल्या वाक्यांतून अगदीं पुढें आला, तर वाटेंतील प्रत्येक वाक्याचें 'कीं'सारखें अव्यय आपलें रूप बदलतें. जणू तो शब्द प्रत्येक उंबरठ्यावर पाऊल उमटवीत आला. अशा पुराव्यानें मनुष्यभाषेच्या सर्वसामान्य सिद्धांतास हातभार लागला.

आमच्याकडेही पूर्वार्ध उत्तम झाला. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९२० चा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो १९४१ मध्यें मराठींत आणला. उत्तरार्धही झाला नाहीं असें नाहीं. रमेश धोंगडे व काशी वाली यांचें २००९ चें मराठीविषयक पुस्तक जिवंत मराठीच्या रचनेचाच विचार करतें. पण तें इंग्रजींत आहे. आयरिशविषयींचें शास्त्रही बहुतांशीं इंग्रजींतच लिहिलें जातें, हें आम्ही मान्य करतों. तथापि २०११ च्या जनगणनेप्रमाणें आठ कोटींहून अधिक लोकांच्या मातृभाषेनें त्या सबबीचा आसरा घ्यावा, हें आम्हांस शोभत नाहीं. ब्लॉकला परांजपे भेटले. या नव्या विचारास अद्याप तसा अनुवादक हवा आहे.

तोंवर गोवंडीचा तो मुलगा वरच्या इयत्तेंत जाईल आणि कर्तरि, कर्मणि, भावे हीं नांवें पाठ करील. त्याच्या शिक्षकांस आमची एकच विनंति आहे. तास त्याच्याच वाक्यानें सुरू करावा. "त्यानें पोळ्या खाल्ल्या" यांतला "नें" "तूं"ला कां लागत नाहीं, आणि "तूं"चा "स" क्रियापदास कां चिकटतो, हें त्यास विचारावें. उत्तर कदाचित् गुरूसही शोधावें लागेल. पण व्याकरण हें पाठांतर नसून शोध आहे, एवढें तरी त्या मुलास त्या दिवशीं कळेल.