अव्यक्त अवकलन : एक आक्षेप

क्ष² + य² + १ = ० या समीकरणास बारावीपासून पाठ असलेला अव्यक्त अवकलनाचा नियम लावला, तर अवकलज −क्ष/य असा बिनतक्रार हाती येतो. परंतु त्या समीकरणाचे समाधान करणारी वास्तव संख्यांची एकही जोडी नाही. जे फलनच नाही, त्याचा हा अवकलज! वक्रावर बिंदू असावा व तेथे छेद शून्य नसावा, या अटी नियमाच्या आधी यावयास हव्यात. क्रमिक पुस्तकांत त्या बहुधा तळटीपेच्या धनी होतात. १६३८ साली देकार्तने फेर्मापुढे आव्हान म्हणून ठेवलेल्या पर्णाकार वक्राचे समीकरण सोयीसाठी क्ष³ + य³ = ३·क्ष·य असे घ्यावे. अवकलज (य − क्ष²)/(य² − क्ष) निघतो. आरंभबिंदूपाशी तो शून्य भागिले शून्य होतो, आणि विद्यार्थी ‘स्पर्शिका नाही’ असे लिहून मोकळा होतो. वस्तुतः तेथे वक्र स्वतःलाच छेदतो व दोन्ही अक्ष त्याच्या स्पर्शिका असतात.