वारांचा क्रम : अर्धेच उत्तर

'वारांना नावे ग्रहांवरून मिळाली' हे वाक्य सामान्यज्ञानाच्या बहुतेक पुस्तकांत आढळते. शेजारी लॅटिन नावांचा तक्ता असतो : दिएस सोलिस म्हणजे सूर्याचा दिवस, दिएस लूनाए चंद्राचा, पुढे मार्स, मर्क्युरी, ज्युपिटर, व्हीनस व सॅटर्न यांचे. तक्ता बरोबर आहे. आमची तक्रार आहे ती विवेचन तेथेच थांबते याबद्दल. रविवारानंतर सोमवारच का, हे चौथीतला मुलगाही विचारील. त्याला या पुस्तकांत उत्तर नाही.

आकाशात ग्रहांचा असा क्रम कोठेच नाही. ग्रीकांनी पृथ्वी मध्यभागी मानून, सर्वांत मंद ग्रह सर्वांत दूर, अशी मांडणी केली होती : शनी (एक फेरी सुमारे २९.५ वर्षे), गुरू (सुमारे १२ वर्षे), मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि चंद्र (२७.३ दिवस). फलज्योतिष्यांनी दिवसाच्या २४ तासांना याच क्रमाने एकेक ग्रह स्वामी म्हणून दिला. पहिल्या तासाचा स्वामी, तोच त्या दिवसाचा. शनिवारी पहिला, आठवा, पंधरावा व बाविसावा तास शनीचा. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा! २४ ला ७ ने भागल्यास बाकी ३ उरते, एवढेच यातले गणित. पुढचे वार विद्यार्थ्यांना फळ्यावर काढू द्यावेत. रोमन इतिहासकार डिओ कॅसिअस याने तिसऱ्या शतकात ही रीत नोंदवून ठेवली आहे.

काही लेखकांची मजल याही पुढे जाते. 'अहोरात्र' शब्दातील पहिले व शेवटचे अक्षर गाळले की 'होरा' उरतो, म्हणून वार मूळचे आपलेच, असे ते ठासून सांगतात. वराहमिहिराने ही व्युत्पत्ती 'काहींचे मत' म्हणून दिली आहे, हे मात्र सांगत नाहीत. ग्रीक व लॅटिन या दोन्ही भाषांत तासाला 'होरा' असाच शब्द आहे. पॉम्पेईतील एका भिंतीवर वारांच्या देवतांची यादी खरडलेली सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडले गेले. आपल्याकडे वार नोंदलेला सर्वांत जुना ज्ञात कालनिश्चित लेख एरणचा, इ. स. ४८४ चा; वार गुरुवार. शनीपासून चौथा चौथा ग्रह वाराचा स्वामी, हा नियम आर्यभटाने त्यानंतर आपल्या ग्रंथात एका श्लोकात बसवला.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाच्या इतिहासात वार मूळचे आपल्याकडचे नाहीत असे लिहिले. तो ग्रंथ १८९६ सालचा. नव्या पुस्तकांच्या लेखकांनी निदान तो तरी उघडून पाहायला हवा होता.