मॉडेल चुकलं, पण नेमकं कुठे?

रिसर्च पेपर 'टीकात्मक' वाचायचा म्हणजे काय, असं तुम्ही बरेच जण विचारता. आज एकच पेपर घेऊ: मिकाएल ग्रानविक आणि सहकाऱ्यांचा, 'नेचर'मध्ये 2016 साली आलेला.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातले लघुग्रह पृथ्वीजवळ येतात कसे? सरकत सरकत ते अनुनादात अडकतात. उदाहरणार्थ, सूर्यापासून 2.5 खगोलीय एककांवर लघुग्रहाच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा गुरूची एक होते. झोक्याला दर वेळी नेमक्या क्षणी धक्का बसावा, तसंच हे. कक्षा लांबुळकी होत जाते आणि तिचं एक टोक सूर्याच्या जवळ जातं. हा प्रवास संगणकावर हजारो कणांसाठी चालवायचा, दुर्बिणीला काय दिसतं आणि काय निसटतं याचा हिशोब त्यात धरायचा आणि मग कॅटालिना सर्वेक्षणाशी ताडून बघायचं.

तिथेच घोळ झाला. मॉडेलमध्ये सूर्याला खेटून जाणारे लघुग्रह भरपूर, प्रत्यक्षात मात्र फारच कमी!

खरं सांगू? पहिल्या वर्षी माझ्या आलेखाच्या कडेला असेच न जुळणारे बिंदू आले होते. मी अक्षच आखूड केला. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

या लोकांनी तसं केलं नाही. एका ठरावीक अंतराच्या आत आलेला लघुग्रह नष्ट झाला असं धरल्यावर आकडे जुळले. ते अंतर सरासरी 0.076 खगोलीय एकक, म्हणजे सूर्याच्या साधारण 16 त्रिज्या. फारिनेल्ला आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं होतं की असे बरेच लघुग्रह शेवटी सूर्यात पडतात. इथे निष्कर्ष असा की बहुतेक त्याआधीच फुटतात.

आता माझी तक्रार. 0.076 हे कुणी मोजलेलं अंतर नाही. मॉडेल जुळावं म्हणून फिरवलेल्या बटणाची ती जागा आहे. तिथे लघुग्रह फुटताना कुणी पाहिलेला नाही, तो का फुटतो हेही पेपर ठामपणे सांगत नाही. तरी शीर्षकात 'महाविध्वंस' जणू सिद्धच! शिवाय लहान लघुग्रह जास्त दूरवरच संपतात असं तेच लिहितात. मग लोक उद्धृत करतात ती एकच सरासरी का?

पण गडद रंगाचे लघुग्रह सूर्यापासून जास्त अंतरावरच गायब होतात, हे त्यांनी दाखवलंय. फक्त बटण फिरवून एवढं हाती लागत नाही, म्हणून मला मूळ दावा पटतो.

काल तो जुना आलेख उघडून अक्ष पूर्ण केला. सात बिंदू आहेत, सगळे रेषेच्या एकाच बाजूला. सोमवारी गाईडना दाखवणार आहे.