तिकीट माम्बलमचं

चेन्नईत टी. नगरला लोकलनं यायचं तर तिकीट माम्बलमचं काढावं लागतं, टी. नगर नावाचं स्टेशनच नाही. बाहेर पडून रिक्षावाल्याला 'पाँडी बझार' सांगायचं. रस्त्याचं कागदोपत्री नाव सर त्यागराय रोड, बाजाराचं सौंदरपांडियनार अंगाडी, आणि हे शेवटचं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आठवड्याभरात सवय होते. कमांड लाइनच्या मॅन्युअलांची सवय मात्र होता होत नाही.

कमांडपुढे आडवी रेघ देऊन जे अक्षर टाकतो, त्याला कुणी ऑप्शन म्हणतं, कुणी फ्लॅग. डॉसवाल्यांचा तो स्विच, आणि रेघही तिरपी. पॉवरशेलनं सगळ्यालाच पॅरामीटर म्हटलं आणि ज्याला पुढे किंमत द्यावी लागत नाही तेवढ्यापुरता 'स्विच' शिल्लक ठेवला. बॅशचं मॅन्युअल एके ठिकाणी चक्क 'ऑप्शन फ्लॅग्ज' लिहितं. भांडण नको म्हणून दोन्ही आडनावं लावल्यासारखं.

पॉझिक्स या मानकानं हे केव्हाच नीट लावून दिलंय. कमांडच्या नावामागून येतं ते सगळं आर्ग्युमेंट. त्यात ऑप्शन, ऑप्शनला दिलेली किंमत, आणि ज्यावर काम करायचं तो ऑपरंड. विभागणी स्वच्छ आहे. पण ऑफिसात ऑपरंड म्हणतो कोण? तेही सौंदरपांडियनार अंगाडीच.

पायथनच्या आर्गपार्सनं तर हसं करून घेतलं होतं. त्याच्या मदतीच्या मजकुरात 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' असं शीर्षक आपोआप यायचं, आणि प्रोग्रामरनं सक्तीचा केलेला ऑप्शनही त्याच्याखालीच बसायचा. 2021 साली 3.10 आवृत्तीत ते नुसतं 'ऑप्शन्स' झालं.

खरा घोळ गिटचा. कमिटपूर्वी बदल जमा होतात त्या जागेला इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया अशी तीन नावं आहेत. 'गिट डिफ'ला '--कॅश्ड' द्या की '--स्टेज्ड', उत्तर एकच. इथवर माझी तक्रार नाही. हा पाँडी बझार झाला. पण 'गिट अप्लाय'मध्ये '--कॅश्ड' दिलं तर पॅच फक्त इंडेक्सवर लागतो, आणि '--इंडेक्स' दिलं तर इंडेक्सवर आणि वर्किंग ट्रीवरही. म्हणजे काम इंडेक्सपुरतंच हवं असेल तर 'इंडेक्स' हा शब्द टाळायचा! गिटच्या मॅन्युअलात याचा खुलासा आहे, पण वेगळ्या पानावर. समानार्थी म्हणून शिकवलेले शब्द पुढच्या वळणावर भिन्नार्थी निघाले, की वाचणाऱ्याचा सगळ्याच पानांवरचा विश्वास उडतो.

लिनक्सच्या मॅन-पेजेस प्रकल्पाकडे पसंतीच्या शब्दांची यादी आहे, पण तिचा भर 'फाइलनेम' जोडून लिहायचं की तोडून, यावर. मराठीत तर अजून पायाच खणतोय. संख्याशास्त्रातला 'प्राचल' पॅरामीटरसाठी तयार असताना, एका मसुद्यात आर्ग्युमेंटचा 'युक्तिवाद' झालेला मी पाहिलाय. जणू कमांड कोर्टात उभी आहे.

आमच्या टेबलावर त्या रेघेलाच एक जण मायनस म्हणतो, दुसरा हायफन, तिसरा डॅश. मध्यंतरी नव्या पोरानं टिपणात 'डबल डॅश' असं वाचलं आणि तिथलीच कमांड उचलून चिकटवली. वर्ड प्रोसेसरनं दोन रेघांची एक लांब रेघ करून ठेवली होती. स्क्रीनवर एरर, आणि पोरगं म्हणतंय, "सर, डॅश तर दिलाय."