कागदावरचा आर्किटेक्ट, साइटवरचा आर्किटेक्ट

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय जरा भारदस्त शब्दांत छापलाय, 'प्रकल्पातील वास्तुरचनाकाराची भूमिका'. मी तो थोडा जमिनीवर आणतो. इमारत उभी राहत असताना आर्किटेक्ट नेमका कुठे असतो? ऑफिसात, साइटवर, का नुसता नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या सहीत?

हा प्रश्न मी टीकाकार म्हणून विचारतोय. मराठीत इमारतींवर जे लिहिलं जातं, त्यात एक सवय दिसते. दर्शनी भागाचं वर्णन, शैलीचं नाव, आणि मग 'ही वास्तू अमक्यानं बांधली'. बांधली म्हणजे काय केलं? चित्र काढलं, मापं लिहिली, दगड निवडला, का दहा वर्षं रोज सकाळी जाऊन उभा राहिला? या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण चारही एका क्रियापदात कोंबतो.

मुंबईत याची फार चांगली जोडी आहे. एक, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि त्याला लागून असलेली वाचनालयाची इमारत. दुसरी, आपलं व्ही.टी., म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. मधे चालत वीसेक मिनिटांचं अंतर. राजाबाईचं काम १८६९ ते १८७८ आणि व्ही.टी.चं १८७८ ते १८८८. म्हणजे एक संपलं तेव्हा दुसरं सुरू झालं.

राजाबाई टॉवरचा आर्किटेक्ट सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. लंडनचा बडा माणूस, सेंट पँक्रस स्टेशनासमोरचं हॉटेल त्याचंच. हा मनुष्य मुंबईत कधीही आला नाही. एकदाही नाही! त्याची ड्रॉइंग्ज आली. टॉवर पूर्ण झाला त्याच वर्षी, १८७८ मध्ये, तो वारला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले, आईचं नाव टॉवरला लागलं, आणि आर्किटेक्टनं ओव्हल मैदान डोळ्यांनी पाहिलंच नाही.

आता विचार करा, पाथरवटाला एका कमानीच्या दगडाबद्दल शंका आली तर काय करायचं? लंडनला बोटीनं पत्र पाठवायचं आणि उत्तराची काही आठवडे वाट पाहायची. तार होती, पण तारेनं सेक्शन पाठवता येत नाही. तेव्हा त्यातल्या बऱ्याच शंका इथेच, मुंबईत, कोणीतरी सोडवल्या असणार हे उघड आहे. कोणी? सरकारी बांधकाम खात्यातल्या माणसांनी. त्यांतलं एक नाव नोंदलेलं आहे, साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र. टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत ना, एकूण चोवीस, ते त्यांनी घडवले. माझ्या दृष्टीनं सगळ्या इमारतीत हा भाग सर्वांत जिवंत आहे. पुतळ्यासाठी कोनाडा लंडनमध्ये बसून काढता येतो. त्या कोनाड्यात उभ्या राहणाऱ्या माणसाची पगडी कशी बांधलेली असते, हे तिथून काढता येत नाही.

म्हणजे आर्किटेक्ट गैरहजर असला की इमारत बिघडते, हे साधं समीकरण इथे चालत नाही. स्कॉट गैरहजर होता, तरी काम उत्तम झालं. कारण ड्रॉइंग जिथे थांबतं तिथून पुढे ठरवण्याचा अधिकार आणि अक्कल असलेली माणसं साइटवर होती. पण मग श्रेय एकट्या स्कॉटला देणं ही समीक्षेतली आळशीगिरी आहे. इमारतीच्या पाटीवर एक नाव मावतं, हे मान्य. लेखात जास्त मावायला हरकत नसावी.

व्ही.टी.ची गोष्ट उलटी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स सरकारी बांधकाम खात्यातला, १८६७ पासून इथे. रेल्वे कंपनीनं त्याला मागून घेतला. त्यानं आधी युरोपात जाऊन स्टेशनं पाहिली आणि मग दहा वर्षं हे काम केलं. हाताशी सीताराम खंडेराव वैद्य हे साहाय्यक अभियंता होते, कोरीवकामाला आर्ट स्कूलची मुलं होती. एकूण खर्च सोळा लाखांच्या आसपास.

या इमारतीचं एक जलरंगातलं चित्र प्रसिद्ध आहे, अॅक्सेल हेग या चित्रकारानं १८७८ च्या सुमारास काढलेलं. पुस्तकांत, कॅलेंडरांवर, प्रदर्शनांत तेच दिसतं. चित्र देखणं आहे, वादच नाही. पण त्या चित्रावरून एकही गवंडी एकही दगड बसवू शकला नसता. ते चित्र मालकाला पटवण्यासाठी, होकार मिळवण्यासाठी असतं. आजचा थ्रीडी व्ह्यू म्हणजे त्याचाच नातू, फक्त आकाश जास्त निळं आणि झाडं जास्त विदेशी. आपली गल्लत अशी होते की होकार मिळवणारं ड्रॉइंग आपण फ्रेम करतो आणि बांधणारं ड्रॉइंग रद्दीत जातं.

ड्रॉइंग हे एकच असतं असं आपण समजतो. ते प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या माणसाशी बोलत असतं. पहिलं स्केच मालकाशी. पालिकेचा नकाशा अधिकाऱ्याशी. त्यात नवं काम लाल, पाडायचं काम पिवळं, आणि बाकी सगळं चटई क्षेत्राचं गणित. टेंडरचं ड्रॉइंग कंत्राटदाराच्या पैशांशी बोलतं. आणि वर्किंग ड्रॉइंग, ज्यावर 'गुड फॉर कन्स्ट्रक्शन'चा शिक्का असतो, ते मिस्त्रीशी. त्यावर बारीक अक्षरांत एक सूचना असते: माप पट्टीनं मोजून घेऊ नका, लिहिलेलं माप घ्या. ती मला फार आवडते. आर्किटेक्ट तिथे कबूल करतो की रेषेपेक्षा आकड्याची जबाबदारी मोठी.

खरी परीक्षा या शेवटच्या टप्प्यात. साधं उदाहरण घ्या. बाथरूमचा पाइप बीममधून न्यायचाय. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये बीम नुसती तुटक रेघ आहे, स्ट्रक्चरलवाल्याच्या ड्रॉइंगमध्ये पाइप नाही, प्लंबिंगवाल्याचं ड्रॉइंग अजून आलेलंच नाही. सेंटरिंग लागलंय, सळई बांधून झालीय, उद्या स्लॅब भरायचाय. आत्ता कोणी ठरवलं तर एक स्लीव्ह टाकून भागतं, खर्च किरकोळ. नाही ठरवलं तर महिनाभरानं कोअर कटिंगवाला मशिन घेऊन येतो, आणि त्याच्या भोकात सळई आली की ती कापली जाते. पावसाळ्यात खालच्या मजल्यावर ओल दिसते तेव्हा सगळे एकमेकांची ड्रॉइंग्ज काढून दाखवतात. तिघंही आपापल्या कागदापुरते बरोबर असतात!

तिन्ही कागद एकमेकांवर ठेवून बघणं, हे आर्किटेक्टचं काम. ते चित्रात दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, पुरस्कार तर नाहीच. कोणी म्हणेल, आता सॉफ्टवेअर आहे, ते टक्कर दाखवतं. दाखवतं, खरंय. पण पाइप हलवायचा का बीम, हे सांगत नाही.

आता कायद्याकडे येतो, थोडक्यात. १९७२ चा आर्किटेक्ट्स अॅक्ट आहे. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केला: नोंदणी नसलेल्यानं 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावायची नाही, पण तशा कामाला बंदी नाही. म्हणजे कायदा नाव राखतो, काम राखत नाही. कौन्सिलच्या नियमांत आर्किटेक्टची देखरेख 'नियतकालिक' असते. रोजची देखरेख करायला मालकानं वेगळा माणूस नेमायचा, ज्याला जुन्या भाषेत क्लार्क ऑफ वर्क्स म्हणायचे. ही विभागणी वाईट नाही. स्कॉट आणि मुकुंद रामचंद्र यांची विभागणी जवळपास अशीच होती. फक्त आज तो दुसरा माणूस बऱ्याचदा बिल्डरच्याच पगारावर असतो.

आणि इथे २०१६ चा रेरा कायदा येतो. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम जितकं झालं त्या प्रमाणात काढायचे. काम किती झालं हे प्रमाणित कोण करणार? अभियंता, चार्टर्ड अकाउंटंट आणि आर्किटेक्ट. त्या सहीवर तुमच्या हप्त्यांचे पैसे हलतात. जो मनुष्य करारानं 'अधूनमधून' साइटवर जातो, त्याच्या सहीला कायद्यानं एवढं वजन दिलंय. मला हे वजन योग्य वाटतं. अधूनमधून जाणं मात्र मग चालणार नाही. जो आर्किटेक्ट पालिकेच्या मंजुरीपुरता नेमलाय, वर्किंग ड्रॉइंग दुसऱ्याच ऑफिसात होतायत, आणि तरी टक्केवारीच्या दाखल्यावर सही करतोय, त्याच्यावर टीका व्हायला हवी. त्याच्या एलिव्हेशनवर नंतर बोलू.

उलट बाजूचं एक उदाहरण सांगतो, पुदुच्चेरीचं गोलकोंड, श्री अरविंद आश्रमाचं निवासस्थान. आर्किटेक्ट अँटोनिन रेमंड, मूळचे चेक, ऑफिस टोकियोत. त्यांचा सहकारी जॉर्ज नाकाशिमा तिथेच राहिला, आश्रमवासीच झाला. रेमंड गेले, १९३९ मध्ये नाकाशिमाही गेला, युद्ध सुरू झालं, आणि फ्रान्तिशेक सामर यानं काम पुढे नेलं. माणसं बदलत गेली, पण साइटवर ड्रॉइंग समजणारा कोणीतरी कायम होता. एका हातातून दुसऱ्या हातात काम गेलं याची शिवण इमारतीत कुठे दिसत नाही.

राहता राहिलं शेवटचं ड्रॉइंग, अॅज-बिल्ट. प्रत्यक्षात जे बांधलं गेलं त्याचं. याला मालक पैसे द्यायला नाखूश असतात, कारण इमारत तर उभी आहे, आता कागद कशाला? रेरात इमारत ताब्यात देताना कागदपत्रं आणि नकाशेही सोसायटीला द्यायचे, असं लिहिलंय. घरी गेल्यावर सेक्रेटरींना कपाट उघडायला सांगा. मी जी कपाटं पाहिलीत त्यांत पालिकेचा मंजूर नकाशा नीट लॅमिनेट करून ठेवलेला असतो. त्यात लाल रंग असतो, चटई क्षेत्र असतं. पाइप कुठून गेलाय ते नसतं, आणि गळती झाली की प्लंबर भिंतीला कान लावून उभा राहतो.